सायकलवाट : फेरी गेली की रस्ता आपला

गेल्या अंकात करमळीच्या तळ्याकाठच्या रस्त्याबद्दल लिहिलं आणि या महिन्यात पत्रांचा गठ्ठा दुप्पट झाला. सगळी वाचली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून घेतले, काही पुढच्या अंकासाठी ठेवले. नव्या वाचकांना माझी ओळख थोडक्यात सांगतो. मी वीज खात्यातून मीटर रीडर म्हणून निवृत्त झालो. डिचोली, तिसवाडी आणि शेवटी सासष्टी अशा तीन तालुक्यांत घरोघर फिरलो, त्यातली पहिली अठरा वर्षं सायकलवर. हमरस्त्यावरच्या घरांचं रीडिंग तासाभरात उरकतं. दिवस जातो तो वाड्याच्या टोकाच्या घरांमध्ये. त्या घरांपर्यंत नेणारे रस्ते मला पाठ आहेत आणि आजही मी त्यांच्यावरूनच सायकल चालवतो.

प्रश्न (पर्वरीहून एक आई) : काका, मी आणि माझी चौदा वर्षांची मुलगी, दोघींनी सायकली घेतल्या. पण आमच्या दारातूनच महामार्ग सुरू होतो. पहिल्याच दिवशी एका बसने इतक्या जवळून हॉर्न दिला की मुलगी सायकलसकट गटारात उतरली. लागलं नाही, पण तेव्हापासून सायकली गॅलरीत उभ्या आहेत. गाड्या नसलेला रस्ता गोव्यात उरला आहे का? आम्ही कुठून सुरुवात करू?

उत्तर : ताई, सायकली खाली आणा. असे रस्ते उरले आहेत आणि त्यातला एक तुमच्या घरापासून सायकलने तासाभराच्या आत आहे.

आधी एक गोष्ट सांगतो. ती कळली की पुढचे रस्ते तुम्ही स्वतःच शोधाल. रस्ता अरुंद आहे, झाडीतला आहे, गावातला आहे म्हणून तिथे गाड्या कमी असतात असं नाही. शिवोली, आसगावचे रस्ते अरुंदच आहेत, पण डिसेंबरात तिथे पायी चालायची पंचाईत होते. गाडीवाला रस्ता निवडतो तो वेळ वाचतो म्हणून. ज्या रस्त्याने कुणाचाच वेळ वाचत नाही, त्यावर फक्त तिथे राहणारी माणसं दिसतात. नदीच्या धक्क्यावर संपणारा रस्ता, फेरीबोटीसाठी ताटकळत ठेवणारा रस्ता, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, जाऊन थांबणारा रस्ता. आपल्याकडे नद्या आणि खाड्या भरपूर, म्हणून असे रस्तेही भरपूर. नकाशा उघडलात की गावांना जोडणारी रेघ शोधू नका, पाण्यापाशी तुटलेली रेघ शोधा. हे चित्र बदलतंही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. त्याआधी पेडण्यातले जे रस्ते मी बिनधास्त सुचवत होतो, ते आता वेळ विचारून सुचवतो.

तुमच्यासाठी वाट अशी. पर्वरीहून मांडवीच्या पुलाकडे वळूच नका. साल्वादोर द मुंदच्या बाजूने खाली उतरा आणि पोंबुर्फाला या. उतार आहे, तो दोन्ही ब्रेक थोडे थोडे दाबत उतरायचा. पुढचा एकदम करकचून दाबायचा नाही, हे मुलीला घराजवळच्या मोकळ्या जागेत आधी शिकवा. पोंबुर्फाच्या धक्क्यावरून चोडणला फेरी जाते. सायकलीचे पैसे माझ्याकडून आजवर कुणी घेतलेले नाहीत. फेरीत चढताना आणि उतरताना सायकल हातात धरून चाला. धक्क्याचा उतार ओला असतो, त्यावर शेवाळ असतं आणि फेरीच्या लोखंडी फळीवर ओलं चाक साबणावर ठेवल्यासारखं सरकतं. या फळीवर पडलेली माणसं मी पाहिली आहेत, सायकल चालवताना पडलेली त्यापेक्षा कमी.

आता मुख्य गोष्ट. चोडणला उतरलात की लगेच निघू नका. फेरी लागली की आधी स्कूटर, मग मोटारी, सगळ्या एकदम सुटतात. प्रत्येकाला कामाला जायचं असतं. तो लोंढा पाच-सात मिनिटांत ओसरतो. तोवर धक्क्यावर बाजूला उभं राहून पाणी प्या. मग निघालात की पुढची फेरी येईपर्यंत रस्ता तुमचा. मी चोडण आणि दिवाडी दोन्हीकडे वर्षानुवर्षं असंच केलं. आधी साहेब रागावायचे, इतका वेळ धक्क्यावर काय करतोस म्हणून. पण अशा रस्त्यावर माझी सायकल निवांत चालायची आणि वहीतले आकडेही चुकायचे नाहीत.

पहिल्या दिवशी नुसतं चोडणचं गाव बघून परत या. रायबंदरकडच्या धक्क्याला लागूनच सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, खारफुटीतलं, पावणेदोन चौरस किलोमीटरचं. तिथवर सायकल न्या. ओहोटी असेल तर चिखलावर पक्षी उतरलेले दिसतात. येताना पर्वरीचा चढ लागेल, तो ढकलत चढलात तरी काही बिघडत नाही.

महिनाभराने दम वाढला की पुढे जा. चोडणहून मयेच्या बाजूला पूल आहे. तो ओलांडून मये आणि मग नार्वे. नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. कदंब राजांचं हे दैवत मूळचं समोरच्या दिवाडी बेटावरचं. सोळाव्या शतकात ते नदी ओलांडून इथे आणलं गेलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. देऊळ पाहून झालं की नार्व्याच्या धक्क्यावर उतरा आणि फेरीने त्याच दिवाडीला जा. दिवाडीला पूल नाही, कुठूनही गेलात तरी फेरीच. म्हणूनच बेटावरून कुणी कुठे वळसा टाळायला जात नाही. दोन्ही बाजूंना भातशेती, मधून सरळ रस्ता, समोर पिएदादची टेकडी आणि टेकडीवर चर्च. तो चढ छोटा आहे, पण वरून मांडवी आणि पलीकडचं जुने गोवे दिसतं, म्हणून चढाच. परत त्याच वाटेने नार्वे आणि चोडण. जुने गोव्याची फेरी धरून रायबंदरमार्गे फिरता येतं आणि वर्तुळ पूर्ण होतं हे खरं, पण जुने गोवे ते रायबंदर या पट्ट्यात गाड्या आहेत. मुलगी सोबत असताना पहिल्या वर्षी तो नको.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी मात्र दिवाडीला सायकल घेऊन जाऊ नका. त्या दिवशी बोंदेरां हा झेंड्यांचा उत्सव असतो, बेटावर पाय ठेवायला जागा नसते.

प्रश्न (डिचोलीतला कॉलेज विद्यार्थी) : काका, गाड्यांची भीती नाही वाटत. कुत्र्यांची वाटते. वाड्यावरून गेलो की तीन-चार मागे लागतात. वेग वाढवू की थांबू?

उत्तर : थांब, बाळा. ज्या कुत्र्याला तू सायकलने मागे टाकशील असं कुत्रं मी पाहिलेलं नाही. ते तुझ्या मागे लागत नाही, फिरणाऱ्या चाकांच्या आणि पायांच्या मागे लागतं, आणि आपल्या घरासमोरचा तुकडा राखतं. वेग कमी कर, उतर, सायकल तुझ्या आणि त्याच्या मध्ये धर आणि हळू चालत पुढे जा. त्याच्याकडे रोखून बघू नकोस. घरातल्या माणसांशी बोलतो तशा आवाजात काहीतरी बोलत राहा. त्याची हद्द संपली की ते आपोआप मागे फिरतं. माझ्या नोकरीत रोज पन्नास-साठ फाटकं उघडावी लागायची आणि इतक्या वर्षांत मला कुत्रं एकदाच चावलं, तेसुद्धा मी घाईत होतो तेव्हा. चावलंच तर जखम साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटं धू आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन इंजेक्शन घे. उद्यावर टाकायचं नाही.

प्रश्न (मांडूरहून एक शेतकरी, वय ७४) : तुम्ही पूर्वी एकदा लिहिलं होतं की खाजनाच्या बांधावरून सायकल चालवण्यासारखं सुख नाही. ऑक्टोबरात पाऊस नुकता थांबला होता, तेव्हा दहा-बारा सायकलवाले आमच्या बांधावरून गेले. बांध मऊ होता. दोन ठिकाणी चाकोऱ्या पडल्या, त्या आम्ही चिखल घालून बुजवल्या. रस्त्यावर वाळत घातलेल्या भातावरूनही काही जण गेले. तुम्हाला जाब विचारण्यासाठी हे पत्र.

उत्तर : दादा, चूक माझी आहे आणि मी मनापासून माफी मागतो. मी बांधाचं कौतुक लिहिलं, पण कुठला बांध, कधी आणि कुणाला विचारून हे लिहिलं नाही. ते मला माहीत होतं, म्हणून चूक जास्त मोठी.

बाकीच्या वाचकांसाठी आज ते लिहितो. खाजन म्हणजे खाडीच्या पाण्याच्या पातळीखालची जमीन. समुद्राची भरती रोज दोनदा मांडवी-जुवारीतून आत येते आणि तिला अडवून धरतो तो चिखलाचा बांध. बाहेरच्या अंगाला कुठे कुठे जांभ्या दगडाचा आधार असतो. या बांधाला मुळात वैरी कमी नाहीत. खेकडे बिळं करतात, उंदीर पोखरतात, बार्जच्या लाटा पाया धुऊन नेतात. त्यात ओल्या मातीवर चाकोरी पडली की पाण्याला आयती वाट मिळते. पहिल्या मोठ्या भरतीला ती चाकोरी रुंद होते आणि खारं पाणी शेतात शिरतं. मीठ एकदा मुरलं की पावसाचं पाणी ते धुऊन नेईपर्यंत पुढचे पावसाळे जातात. खारेपण सोसणारा कोरगुट भातसुद्धा थोडं मीठ सोसतो, समुद्र नाही.

बांधात मधूनमधून मानस असते, पाण्याचं दार. माझ्या वहीत खाजनाच्या टोकाचं एक घर होतं. तिथल्या काकी रीडिंग झालं की पेज आणि तोराचं, म्हणजे कैरीचं, लोणचं दिल्याशिवाय सोडत नसत. पेज खाऊन झाली की मी समोरच्या मानशीवर जाऊन उभा राहायचो. लाकडी दारं वरच्या बाजूला अडकवलेली, खालून मोकळी, पाण्याने काळी पडलेली. भरती चढू लागली की बाहेरचं पाणी दारांना रेटा देतं आणि ती चौकटीवर घट्ट बसतात. आधी कडेने पाण्याच्या पातळ चिळकांड्या आत येत राहतात, मग त्याही बारीक होतात आणि एका क्षणी सगळं गप्प होतं. बाहेर पाणी कमरेइतकं चढलेलं आणि आत शेतातला ओहोळ गुडघाभर. ओहोटीला उलटं. आतल्या पाण्याचा जोर वाढतो, दारं पुढे ढकलली जातात आणि पाणी खळाळत खाडीत जातं. माणसाचा हात लागत नाही. पण ती चौकट बसवणारे, दरवर्षी फळ्या बदलणारे, बांधावर चिखल चढवणारे हात माणसांचेच असतात. जुन्या गावकरीपासून, म्हणजे गावाची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या संस्थेपासून, गावाने हे सांभाळलं आहे. बांध म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे, गावाच्या शेताची भिंत आहे.

तेव्हा सायकलवाल्यांनो, एवढं करा. जूनपासून दिवाळी उलटेपर्यंत मातीच्या बांधावर चाक टेकवू नका. त्यानंतरही ज्या बांधावर डांबर किंवा काँक्रीट आहे आणि ज्यावरून गावातल्या स्कूटर जातात, त्यावरूनच जा. मातीच्या बांधावर जायचं असेल तर सायकल झाडाला टेकवा आणि चालत जा. समोर कुणी काम करत असेल तर आधी विचारा. मानशीवर रात्री मासळीसाठी जाळी लावतात. त्याचा हक्क लिलावाने घेतलेला असतो, जाळ्याला आणि दोरीला हात लावू नका. कापणीच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला भात वाळत असेल तिथे उतरून पलीकडच्या कडेने चला. आणि दहा-बाराच्या घोळक्याने खाजनात जाऊ नका. दोघे-तिघे जा.

दादा, तुमच्या बाजूला नेवरा, मांडूर, आजोशी असा जो डांबरी रस्ता शेतांच्या काठाकाठाने जातो, तोच सायकलवाल्यांना पुरेसा आहे. बांधाची माती तुम्ही पुन्हा भराल तेव्हा मला कळवा. मी घमेलं उचलायला येतो. अजून तेवढी ताकद आहे.

प्रश्न (कोल्हापूरहून चौघे मित्र) : डिसेंबरात चार दिवस मडगावला मुक्काम आहे. रोड सायकली आहेत, अठ्ठावीस मिलिमीटरचे टायर. रोज साठ-सत्तर किलोमीटर हवेत, पण समुद्रकिनाऱ्याची गर्दी नको. कुठे जावं? आणि कोल्हापूरहून सायकलनेच घाट उतरून यावं का?

उत्तर : घाट उतरून येण्याची ओढ मला समजते. पण सुट्ट्यांच्या दिवसांत चोर्ल्याला बेळगावच्या गाड्यांची रांग असते आणि अनमोडला अवजड ट्रक. सायकली गाडीवर टाकून आणा आणि पाय इथल्या रस्त्यांसाठी राखून ठेवा.

मडगावहून किनाऱ्याला पाठ करून निघा, मायणा-कुडतरीकडे. कुडतरीला सासष्टीचं भाताचं कोठार म्हणतात, आणि ते का, ते तिथली तळी बघून कळतं. सांत आलेशच्या चर्चसमोरच मोठं तळं आहे. पावसाचं पाणी अशा तळ्यांत साठवून हिवाळ्यात वायंगणाच्या शेतीला सोडतात. तुम्ही याल तेव्हा तळी भरलेली असतील आणि खाली लावणीची तयारी सुरू असेल. सकाळी सातला तिथे पोचा. ऊन तळ्यावर आडवं पडतं, चर्चची पांढरी भिंत पाण्यात उतरते आणि रस्त्यावर पावाची टोपली घेतलेला पोदेर सोडला तर कुणी नसतं.

पुढे माकाझानवरून चांदरला या. हे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी इथे होती. गावातल्या कोट भागात उत्खनन झालेल्या देवळाच्या जागी डोकं नसलेला दगडी नंदी उघड्यावर बसलेला आहे. माणसं त्याला न बघता पुढे जातात, तुम्ही थांबा. तिथून गिरदोलीमार्गे पारोड्याला जा. चंद्रनाथाचा डोंगर समोर दिसत राहतो. त्या डोंगरावरचा रस्ता देवळाच्या पायथ्याशी संपतो, पुढे कुठेच जात नाही. पर्वरीच्या ताईंना मी जे सांगितलं ते इथे आठवा. चढ सलग आणि तीव्र आहे, झाडीतून जातो. तुमच्या गिअरांत सर्वांत हलका दात कामी येईल. उतरताना वळणांवर सुका पाला असतो, वर पोचल्यावर ब्रेकच्या रबराकडे एकदा बघून घ्या. हे सगळं फिरून मडगावला परत आलात की साठाच्या आसपास होतील. चांदर ते मडगाव हा सरळ रस्ता वाहता आहे, म्हणून येतानाही कुडतरीचीच वाट धरा.

दुसऱ्या दिवशी राय, राशोल, लोटली. राशोलला किल्ल्याची एक कमान तेवढी उभी आहे आणि रस्ता तिच्याखालून जातो. सेमिनरीच्या टेकडीपलीकडे जुवारीकाठची खाजनं सुरू होतात. शिरोड्याला जाणारी फेरी घेऊन पलीकडचा चहा पिऊन परत या. फेरी त्या दिवशी चालू आहे ना, हे धक्क्याआधी लागणाऱ्या शेवटच्या दुकानात विचारा, मोबाईलला विचारू नका.

एक विनंती. साठ-सत्तरचा आकडा घरी ठेवून या. आमचे रस्ते दर पाच किलोमीटरला पाण्यापाशी थांबवतात. आकड्यासाठी धावलात तर तुम्ही शेवटी चौपदरी महामार्गावरच पोचाल.

प्रश्न (साखळीहून एक शिक्षक) : डिचोली भागात खनिजाचे ट्रक पुन्हा दिसू लागले आहेत. रविवारी सकाळीच सायकल चालवता येते. आमच्या बाजूला काही सुचवा.

उत्तर : सर, खाणी २०१२ मध्ये बंद झाल्या आणि मधल्या काळात डिचोली, सांग्याचे रस्ते किती शांत होते ते तुम्हीही पाहिलंत. ट्रकवाल्याच्या घरी मात्र त्या शांततेने चूल बंद ठेवली होती, हे मी मीटरच्या आकड्यांतून पाहिलं आहे. आमच्यासारख्यांची गावं त्या कामावर जगत होती. तेव्हा ट्रकला दोष न देता त्याचा रस्ता टाळायचा, एवढंच मी करतो. ज्या वळणावर लाल माती सांडलेली दिसेल तो ट्रकचा मार्ग. ती बारीक माती डांबरावर पसरली की पातळ टायर सरकतं, रविवारी ट्रक नसले तरीही.

तुम्ही सायकल गाडीत टाकून वाळपईपर्यंत या आणि तिथून ब्रह्मकरमळी, नगरगाव धरा. कुळागरं, ओहोळ, डोंगराची सावली. ब्रह्मकरमळीत ब्रह्मदेवाची काळ्या पाषाणाची कदंबकालीन मूर्ती आहे. सोळाव्या शतकात ती तिसवाडीतल्या करमळीहून इथे आणली आणि गावाने नावही सोबत आणलं. गेल्या अंकात ज्या तळ्याबद्दल लिहिलं तीच ती करमळी. त्या माणसांनी मूर्ती घेऊन किती नद्या ओलांडल्या असतील याचा विचार मी त्या रस्त्यावर दरवेळी करतो. जंगल जवळ आहे, पहाटे आणि तिन्हीसांजेला गवे रस्ता ओलांडतात. उजाडल्यावर निघा, गवा दिसला तर लांबच थांबा आणि तो पूर्ण आत जाईपर्यंत घंटी वाजवू नका.

प्रश्न (वास्कोहून) : चेन दर महिन्याला गंजते. महागडं तेल वापरूनही.

उत्तर : तेल महाग-स्वस्त हा प्रश्न नाही. तुम्ही खाऱ्या हवेत राहता आणि तेल मिठावर चढवता. आधी गोड्या पाण्याने चेन धुवा, फडक्याने कोरडी करा, उन्हात ठेवा, मग प्रत्येक कडीला एक थेंब द्या आणि वरचं पुसून घ्या. फेरीतून आलात तर त्याच दिवशी.

प्रश्न (हळदोण्याहून, वय ६६) : आमच्या वाड्यावर तीस वर्षं सायकलवरून पाव आणणाऱ्या पोदेराने आता मोटारसायकल घेतली. त्याची जुनी सायकल त्याने मला देऊ केली आहे. गुडघे थोडे दुखतात. मुलगा म्हणतो, नवी गिअरची घ्या. मला तीच चालवावीशी वाटते. जमेल का?

उत्तर : जमेल, भाऊ, आणि तुम्ही हे विचारलंत याचा मला फार आनंद झाला. ती सायकल मी डोळ्यांसमोर आणू शकतो. काळी फ्रेम, सळीचे ब्रेक, मागे टोपलीसाठी पट्ट्या ठोकून रुंद केलेला कॅरियर, हँडलला रबरी भोंगा. पहाटे उंडे, पोळ्या, काकणं अशा पावांनी भरलेली टोपली त्यावर असायची. त्या वजनाने मागच्या चाकाच्या तारा सैल झाल्या असणार. मेकॅनिककडे नेऊन आधी त्या ओढून घ्या, चाक सरळ करून घ्या. दोन्ही टायर, ट्यूब आणि ब्रेकची रबरं नवी. पॅडलची आणि हँडलची बेअरिंग खोलून ग्रीस. कॅरियर काढू नका, भाजी आणायला उपयोगी पडेल.

गुडघ्यांसाठी दोन गोष्टी करा. मागचं फ्रीव्हील बहुधा अठरा दातांचं असेल, ते बावीसचं बसवून घ्या. पाय थोडे जास्त फिरवावे लागतील, पण गुडघ्यावरचा जोर कमी होईल. मेकॅनिक चेन लांब करून देईल. आणि सीट वर घ्या. पॅडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहिला पाहिजे. खाली बसून चालवणाऱ्यांचेच गुडघे आधी दुखतात. तरीही दुखलं तर डॉक्टरांना दाखवा.

रस्ता तर तुमच्या दारात आहे. पूल ओलांडून खोर्जुव्याला जा, किल्ल्यापर्यंत. बेट बहुतेक सपाट आहे, किल्ल्याजवळ थोडा चढ, तिथे उतरा. सकाळी सहाला निघालात तर आठला घरी चहाला परत. पहिले पंधरा दिवस यापुढे जाऊ नका.

भोंगा तसाच ठेवा. रबर फाटलं असेल तर म्हापशाच्या बाजारात नवं मिळतं का ते बघा. वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायका तो आवाज ऐकून डबा घेऊन दारात येतील, तेव्हा थांबून त्यांच्याशी दोन शब्द बोला. पाव मागून मोटारसायकलवर येतोय म्हणून सांगा.